दोरांच्या आतला कायदा

मुष्टियुद्धाच्या आखाड्याला इंग्रज ‘रिंग’ म्हणतो. रिंग म्हणजे कडे, वर्तुळ. पण हा आखाडा पाहावा तर चांगला चौकोनी! चार खांब, ताणलेले दोर आणि आत दोन माणसे. ही विसंगती कशी आली असावी, याचा शोध घेऊ लागले की आधी मोठा मौजेचा आणि पुढे पुढे अंगावर काटा आणणारा इतिहास हाती लागतो. पूर्वी दोघांची मारामारी जुंपली की बघ्यांचे भोवती कडे पडे. ते माणसांचे कडे हीच पहिली रिंग. पुढे खांब आले, दोर आले, चौकोन झाला. नाव मात्र जुनेच राहिले.

फराळाच्या ताटाशेजारी ठोशांचा आणि रक्ताचा विषय कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. तिला माझे सांगणे एवढेच की, मला ठोशांविषयी फारसे सांगायचेच नाही. मला सांगायचे आहे ते नियमांविषयी. दोन माणसांनी पैशासाठी एकमेकांना मारायचे, आणि तरीही त्याला खून म्हणायचे नाही, मारामारी म्हणायची नाही, तर खेळ म्हणायचे, ही किमया नियमाने केलेली आहे. हा नियम कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि तो अपुरा पडला तेव्हा जबाब कोणी दिला? शाळेत जन्म घालवणाऱ्या माणसाला हे प्रश्न अगदीच परके नाहीत. शाळेच्या गच्चीला कठडा केव्हा बसतो? बहुधा पोर पडल्यावर. मुष्टियुद्धाचा अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा इतिहास हा अशाच उशिरा बसवलेल्या कठड्यांचा इतिहास आहे.

१

पहिला कठडा बसवला तो जॅक ब्रॉटन या माणसाने. हा थेम्स नदीवरचा नावाडी. अंगाने धिप्पाड, डोक्याने हुशार, आणि आपल्या काळातला इंग्लंडचा अजिंक्य मुष्टियोद्धा. १७४१ च्या सुमारास जॉर्ज स्टीव्हन्सन नावाच्या एका गाडीवानाशी त्याची लढत झाली. ब्रॉटन जिंकला, पण मार इतका जबर बसला होता की, पुढे काही दिवसांनी स्टीव्हन्सन मरण पावला. परंपरा असे सांगते की, या मृत्यूने ब्रॉटनच्या मनाला चटका लावला आणि त्यातूनच नियमांचा जन्म झाला. १७४३ साली त्याने लंडनमध्ये स्वतःचे क्रीडागृह उघडले आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला सात कलमांची नियमावली जाहीर केली.

ही सात कलमे मोठी वाचनीय आहेत. मंचाच्या मध्यभागी खडूने एक वार लांबी-रुंदीचा चौकोन आखायचा. एखादा पडला की त्याच्या मदतनिसाने त्याला अर्ध्या मिनिटाच्या आत त्या चौकोनाच्या कडेला आणून उभे करायचे. तसे झाले नाही तर तो हरला. पडलेल्या माणसाला मारायचे नाही. गुडघे टेकले तरी तो पडलाच असे समजायचे. आणि कमरेखाली हात घालायचा नाही.

हे शेवटचे कलम वाचताना मराठी वाचकाला कुरुक्षेत्र आठवल्यावाचून राहणार नाही. गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये, हा आपल्याकडचा दंडक. भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली तेव्हा बलराम नांगर उचलून धावला तो याचसाठी. शिष्य हरला याचे दुःख त्याला असेलच. पण त्याहून मोठे दुःख नियम मोडल्याचे होते. लंडनच्या नावाड्याने महाभारत वाचले असण्याचा संभव नाही. तात्पर्य, माणसे कोठलीही असोत, लढाईला ‘युद्ध’ न म्हणता ‘द्वंद्व’ म्हणायचे ठरले की कमरेची रेघ त्यांना आखावीच लागते.

पण ब्रॉटनच्या नियमांत आणखी एक कलम आहे आणि मला ते सर्वांत बोलके वाटते. मंचावर जमलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांश रक्कम जिंकणाऱ्याला द्यायची, आणि ती वाटणी मंचावरच, सर्वांदेखत करायची. आपापसांत खाजगी ठराव काहीही झालेला असो! आपल्याकडे ज्याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आतून ठरवलेली, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारी लढत, तिचा बंदोबस्त करण्याचा हा पहिला प्रयत्न. धंदेवाईक मुष्टियुद्धाचे दोन शत्रू आहेत, एक मृत्यू आणि दुसरा पैसा, हे त्या नावाड्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

याच ब्रॉटनने हातमोजे काढले. पण कोणासाठी? धंदेवाल्या लढवय्यांसाठी नव्हे. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या उमराव मंडळींची नाके-डोळे शाबूत राहावीत म्हणून! १७४७ साली त्याने तशी जाहिरातच दिली. पोटासाठी लढणारे उघड्या मुठींनीच लढत राहिले.

१७५० साली जॅक स्लॅक नावाच्या माणसाने ब्रॉटनला हरवले. कंबरलंडच्या ड्यूकने आपल्या या लाडक्या मल्लावर मोठी पैज लावलेली होती. ती बुडाली, ड्यूकची मर्जी गेली आणि क्रीडागृहाला टाळे लागले. नियम मात्र टिकले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे इंग्लंड ब्रॉटनच्याच सात कलमांवर लढले.

२

१८३८ च्या मार्च महिन्यात ओवेन स्विफ्टशी लढून ‘ब्रायटन बिल’ या नावाने ओळखला जाणारा एक तरुण मेला. स्विफ्टच्या हातून मेलेला हा पहिलाच नव्हे. चार वर्षांपूर्वी आणखी एकाचा बळी गेलेला होता. त्याच वर्षी ‘लंडन प्राइझ रिंग’चे नियम आले. चोवीस फुटांचा चौरस, भोवती दोर. डोक्याने ढुशी मारणे, डोळ्यांत बोटे घालणे, लाथ मारणे बंद. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: पडलेल्या गड्याने तीस सेकंदांच्या विश्रांतीनंतर आठ सेकंदांत मधल्या रेघेपर्यंत आपल्या पायांनी चालत यायचे. मदतनिसाने खांद्यावर घालून आणायचे नाही. पूर्वी अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उचलून पुन्हा माराच्या तोंडी देत असत. ती पद्धत या एका वाक्याने बंद झाली.

एवढे झाले तरी सरकारच्या दृष्टीने हा सगळा प्रकार बेकायदेशीरच होता. लढती शहराबाहेर, रानात, दोन परगण्यांच्या सीमेवर होत. म्हणजे एका बाजूचे पोलीस आले की दुसऱ्या बाजूला पळता यावे. पण आगगाडी आली आणि रानेही लंडनला जवळ झाली. १८६० साली फार्नबरो येथे इंग्लंडचा टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन दोन तासांहून अधिक काळ झुंजले. लोक त्या लढतीला खास गाड्यांनी गेले होते. अखेर गर्दी रिंगणात घुसली, पोलीस आले, आणि सामना बरोबरीचा ठरला. आठ वर्षांनी, १८६८ साली, पार्लमेंटने रेल्वेच्या कायद्यात एक मजेदार कलम घातले: असल्या लढतींसाठी खास गाडी सोडणाऱ्या रेल्वे कंपनीला दंड! लढणाऱ्याला धरता येत नाही तर त्याचे प्रेक्षक तरी अडवावेत, हा त्यातला हिशेब. आणि १८८२ साली न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, दोघेही राजीखुशीने लढले म्हणून अशी लढत कायदेशीर होत नाही.

मग हा खेळ मेला कसा नाही? तो वाचला हातमोज्यांमुळे.

१८६७ साली बारा नवे नियम प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती; पडलेल्याने दहा सेकंदांत कोणाच्याही मदतीवाचून उठायचे; मिठी मारून कुस्ती खेळायची नाही; आणि हातमोजे योग्य मापाचे, उत्तम प्रतीचे व नवे हवेत. हे नियम लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स या व्यायामप्रेमी गृहस्थाने. त्यांना नाव मिळाले ते क्वीन्सबेरीच्या मार्क्विसचे, कारण आश्रय त्याचा होता. ऑस्कर वाइल्डला कोर्टात खेचायला आणि पुढे तुरुंगात जायला जो कारणीभूत झाला, तोच हा मार्क्विस. चेंबर्स चाळिशीतच वारला, आणि आज त्याचे नाव कोणाला माहीत नाही. लिहिणारा विसरला जावा आणि छापलेल्या नावाचा जयजयकार व्हावा, हे लेखकाच्या जातीला नवे नाही!

उघड्या मुठींची हेवीवेट अजिंक्यपदाची अखेरची लढत १८८९ च्या जुलैत अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात झाली. जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन भर उन्हात पंचाहत्तर फेऱ्या झुंजले. तीन वर्षांनी न्यू ऑर्लिन्सला तोच सलिव्हन हातमोजे घालून, क्वीन्सबेरीच्या नियमांनी जिम कॉर्बेटशी लढला आणि एकविसाव्या फेरीत आडवा झाला. एका माणसाच्या कारकिर्दीत जुने युग मावळले आणि नवे उजाडले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. उघडी मूठ कवटीवर जोराने मारली तर मारणाऱ्याचीच हाडे मोडतात. म्हणून जुने लढवय्ये डोक्यावर बेताने मारीत. मोज्याने मूठ वाचली, आणि डोके हेच मुख्य लक्ष्य झाले. चेहऱ्यावरचे रक्त कमी झाले, आतली इजा वाढली. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने मार खाऊन खाऊन झिंगल्यासारख्या झालेल्या मुष्टियोद्ध्यांवर निबंध लिहिला तेव्हा वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले. प्रेक्षकांना जे दिसत नाही ते नियमांनाही बराच काळ दिसत नाही.

३

१८९१ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये नॅशनल स्पोर्टिंग क्लब निघाला. इथली शिस्त देवळासारखी. जेवणाचा पोशाख केलेले सभासद बसलेले. फेरी चालू असताना कोणी बोलायचे नाही, ओरडायचे नाही. त्या शांततेत फक्त पावलांचा आणि मोज्यांचा आवाज. पण शिस्तीने माणसे मरायची थांबली नाहीत. १८९७ ते १९०१ या काळात क्लबच्या रिंगणात लढलेली चार माणसे दगावली. चौथ्या मृत्यूनंतर, १९०१ मध्ये, जॅक रॉबर्ट्स हा मुष्टियोद्धा आणि त्याच्याबरोबर क्लबचे अधिकारीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. प्रश्न एकच होता: ही मारामारी की खेळ? ज्यूरीने सांगितले, खेळ. आणि सारे निर्दोष सुटले. त्या दिवसापासून नियमांनी खेळलेले मुष्टियुद्ध इंग्लंडमध्ये कायद्याच्या छायेत आले. पुढे १९२९ साली ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोल स्थापन झाले आणि परवाने देण्याचा, काढून घेण्याचा, दंड करण्याचा अधिकार त्याच्या हाती गेला.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे नियमनाचे काम सरकारच करू लागले. न्यूयॉर्क राज्यात १९११ च्या कायद्याने लढती चालत, पण निकाल द्यायला बंदी होती! जुगार थांबावा म्हणून काढलेली ही युक्ती. मग व्हायचे काय? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे बातमीदार विजेता ठरवीत आणि जुगारी त्यावर पैसे चुकते करीत. १९२० साली वॉकर कायदा आला. मुष्टियोद्धा, त्याचा व्यवस्थापक, पंच, सामने भरवणारा, साऱ्यांना परवाना सक्तीचा झाला, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे राज्याचे मंडळ बसले. हाच नमुना पुढे अनेक राज्यांनी उचलला.

नियम म्हणजे काय चीज आहे, याचा धडा जगाला मिळाला तो २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर. एक लाखाहून अधिक माणसे जमली होती. सातव्या फेरीत जॅक डेम्प्सीने जीन टनीला खाली लोळवले. नवा नियम असा होता की, पाडणाऱ्याने दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. तोवर आकडे मोजायला सुरुवात करायची नाही. डेम्प्सीला सवय पडलेल्याच्या डोक्याशीच उभे राहण्याची. तो हलेना. पंच डेव्ह बॅरी त्याला कोपऱ्याकडे धाडत राहिला आणि मोलाचे सेकंद निघून गेले. मग मोजणी सुरू झाली; नऊ म्हणताच टनी उठला. एकंदर चौदाएक सेकंद त्याला मिळाले होते. सामना टनीने जिंकला. डेम्प्सीच्या मुठीत ताकद होती, पण त्या रात्री त्याला हरवले ते त्याच्या जुन्या सवयीने.

४

नियम आला म्हणजे न्याय आला, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९११ साली जॅक जॉन्सन हा काळा अमेरिकन जगज्जेता लंडनमध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढणार होता. काळ्याने गोऱ्याला भर राजधानीत मारले तर साम्राज्यातल्या प्रजेला काय वाटेल, या भीतीने गदारोळ उठला आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती लढत बंद पाडली. त्या ‘साम्राज्यातल्या प्रजेत’ आपले आजोबा-पणजोबाही होते, हे विसरू नये. त्यानंतर ब्रिटनच्या अजिंक्यपदासाठी लढणाऱ्याचे आईबाप दोघेही गोरे असले पाहिजेत, असा दंडक झाला. मँचेस्टरचा लेन जॉन्सन हा आपल्या वेळचा फार कसबी लढवय्या. पण बाप आफ्रिकन, म्हणून पदकाची दारे त्याला बंद. हा नियम १९४८ पर्यंत चालला. त्या वर्षी डिक टर्पिन बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर व्हिन्स हॉकिन्सला हरवून ब्रिटनचा पहिला काळा विजेता झाला. कमरेखाली मारू नये हाही नियमच, आणि काळ्याला येऊ देऊ नये हाही नियमच; एकाच पुस्तकात दोन्ही छापलेले! म्हणून नियमाला नुसता नमस्कार करून भागत नाही. तो कोणाच्या बाजूने उभा आहे हेही पाहावे लागते.

अमेरिकेत दुसरा रोग होता. परवाने होते, मंडळे होती. पण पडद्यामागे फ्रँकी कार्बोसारखे गुंड सामने जुळवीत होते. १९६० साली सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीपुढे माजी जगज्जेता जेक लामोटा याने कबुली दिली की, १९४७ साली बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो. कारण तसे केल्याशिवाय अजिंक्यपदाची संधीच मिळत नव्हती. ब्रॉटनने दोनशे वर्षांपूर्वी बंद करू पाहिलेली तीच नुरा कुस्ती! कार्बोला पुढच्याच वर्षी पंचवीस वर्षांची सजा झाली.

५

आता कठड्यांची अखेरची रांग.

२४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला बाराव्या फेरीत कोपऱ्यात गाठले. पॅरेट दोरांना टेकून उभा, पडायलाही जागा नाही. पंचाने मध्ये पडेपर्यंत ठोशांचा पाऊस पडून गेला होता. लक्षावधी लोकांनी दूरचित्रवाणीवर ते घरबसल्या पाहिले. दहा दिवसांनी पॅरेट गेला. चौकशीत पंचावर ठपका आला नाही. परंतु लढत केव्हा थांबवावी हा प्रश्न त्या रात्रीपासून प्रत्येक पंचाच्या मानेवर बसला.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार-पाच दिवसांत वारला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या आईने आणि त्या सामन्याच्या पंचानेही आपले जीवन संपवले. एका ठोशाने किती घरे कोसळतात! त्यानंतर अजिंक्यपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. आधी एका जागतिक संघटनेने ते मान्य केले, इतरांनी १९८८ पर्यंत.

१९८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला लुईस रेस्टोने बिली कॉलिन्स या तरुणाला बेसुमार मारले. सामना संपल्यावर कॉलिन्सच्या बापाने रेस्टोचा हात हातात घेतला, आणि तो चमकला. मोज्यात भरण जवळजवळ नव्हतेच! आतले भरण काढून टाकलेले होते. मंडळाने मोजे तिथेच ताब्यात घेतले. रेस्टो आणि त्याचा वस्ताद दोघेही तुरुंगात गेले. पण कॉलिन्सच्या डोळ्याची इजा कायमची राहिली आणि पुढच्याच वर्षी तो मोटार अपघातात मेला. ‘उत्तम प्रतीचे व नवे’ मोजे असावेत, हे चेंबर्सने शंभर वर्षांपूर्वी का लिहिले होते, ते त्या बापाच्या एका हस्तांदोलनात कळते.

माईक टायसनने १९९७ साली इव्हँडर होलीफील्डच्या कानाचा लचका तोडला, तेव्हा नेवाडाच्या मंडळाने त्याला तीस लाख डॉलर दंड केला आणि परवाना काढून घेतला. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पण पुढच्याच वर्षी परवाना परत मिळाला. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्याची शिक्षा फार लांबत नाही.

या साऱ्या इतिहासात आजवर शिक्षा व्हायची ती लढणाऱ्याला, वस्तादाला, फार तर सामना भरवणाऱ्याला. नियम करणाऱ्याला कोणी विचारीत नसे. तो प्रश्न विचारला मायकल वॉटसनने. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर क्रिस युबँकशी लढताना बाराव्या फेरीत त्याचा सामना थांबवण्यात आला आणि तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव होत होता. अशा वेळी मिनिटामिनिटाला किंमत असते. परंतु श्वास सावरण्याची साधनसामग्री आणि ती वापरणारा जाणता माणूस रिंगणाशेजारी नव्हता. त्याला आधी नेले ते इस्पितळही मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नव्हते. तेथून दुसरीकडे हलवावे लागले. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता. जगला, पण अर्धे अंग गेले.

वॉटसनने दावा लावला तो युबँकवर नव्हे, तर बोर्ड ऑफ कंट्रोलवर. बोर्डाचे म्हणणे असे की, आम्ही काही सामने भरवीत नाही. नफाही कमावीत नाही. नुसते नियम करतो. न्यायालयाने १९९९ साली, आणि अपिलात २००० साली, सांगितले की, नेमके म्हणूनच तुम्ही जबाबदार आहात. रिंगणाशेजारी कोणते डॉक्टर असावेत, कोणती साधने असावीत हे तुम्हीच ठरवता. तुमच्या परवान्यावाचून या माणसाला लढता येत नाही. तुमच्यावर विसंबून तो दोरांच्या आत पाऊल टाकतो. मग तुमची व्यवस्था अपुरी होती याचा जबाब तुम्हीच द्यायला हवा. भरपाई ठरली सुमारे चार लाख पौंड; त्यासाठी बोर्डाला आपली लंडनमधली कचेरी विकावी लागली. दरम्यान रिंगणाशेजारची वैद्यकीय व्यवस्था बदलली होती. तिने पुढे अनेकांचे प्राण वाचवले असणार. त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत; वाचलेल्यांच्या नावाने इतिहास लिहिला जात नाही.

२००३ साली हा वॉटसन लंडनच्या मॅरेथॉनमध्ये उतरला. डॉक्टरांनी ज्याच्या चालण्याची आशा सोडली होती, तो रोज थोडे थोडे चालत सहा दिवसांनी शेवटच्या रेघेशी पोहोचला. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बरोबर होते. आणि शेजारी क्रिस युबँकही होता, ज्याच्या ठोशाने हे सारे घडले तो.

१८३८ च्या नियमाने सांगितले होते की, पडलेल्या माणसाने रेघेपर्यंत आपल्या पायांनी यावे, कोणी हात देऊ नये. रिंगणात तो नियम योग्यच होता. त्याने कितीतरी माणसांचा जास्तीचा मार वाचवला. पण रिंगणाबाहेरचा नियम निराळा असला पाहिजे, आणि तो लिहायला त्या धंद्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तोही कोणा उमरावाने किंवा मंडळाने आपण होऊन लिहिला नाही. अर्धे अंग गेलेल्या एका माणसाने चाकांच्या खुर्चीवर बसून, न्यायालयाकडून तो लिहवून घेतला.